मुक्काम पोस्ट दुबई

पत्रावर पत्ता लिहिताना ‘मु. पो.’ ही दोन अक्षरे आपण इतक्या सवयीने घालतो, की त्यांच्या अर्थाकडे लक्षच जात नाही. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक. माझ्या माहेरच्या पत्रांवर तीन पिढ्या एकच पत्ता आहे : मु. पो. दवनीवाडा, तहसील गोंदिया. त्याखालचा मजकूर मात्र बदलत गेला. माझे आजोबा ‘जिल्हा भंडारा, मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे लिहीत. १९५० मध्ये त्याचे ‘मध्यप्रदेश’ झाले, १९५६ च्या नोव्हेंबरात ‘मुंबई राज्य’ झाले, १ मे १९६० रोजी ‘महाराष्ट्र’ झाले आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याच्या जागी ‘जिल्हा गोंदिया’ आला. घर जागचे तसूभर हलले नाही. प्रांत, राज्ये आणि जिल्हे त्याच्या अंगावरून ऋतूंसारखे निघून गेले.

माझ्या धाकट्या भावाचा पत्ता सतरा-अठरा वर्षांपासून दुबईचा आहे. दिवाळीचा डबा पाठवताना मी त्यावर गमतीने ‘मु. पो. दुबई’ असे लिहिते. वस्तुतः तिकडे टपाल दारोदार वाटण्याची जुनी रीत नाही. ते पेटीक्रमांकावर येते, आणि भावाने मला दिलेला पेटीक्रमांक त्याच्या कंपनीचा आहे. म्हणजे नोकरी बदलली की पत्ताही बदलणार, हे ओघाने आलेच. आमच्या घराचा पत्ता राज्ये बदलली तरी टिकला. त्याचा पत्ता एका वरिष्ठाच्या सहीवर टिकून आहे.

‘मुक्काम’ हा शब्द मुळात अरबी, हे मराठीची प्राध्यापिका म्हणून मला ठाऊक होतेच. पण त्याचे सगळे भाईबंद माझ्यासमोर उभे केले ते माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने. तिकडच्या शाळांत परदेशी मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची असते. ती मला म्हणाली, “आत्या, राहण्याच्या परवान्याला अरबीत ‘इकामा’ म्हणतात आणि आमच्यासारख्या रहिवाशाला ‘मुकीम’. मग तुमचा मुक्काम त्यातलाच ना?” त्यातलाच. इतकेच नव्हे, तर आपला ‘कायम’ हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. आणि त्या देशाच्या नागरिकाला काय म्हणतात? ‘मुवातिन’, म्हणजे ज्याचे तिथे वतन आहे तो. एका मुळातून ‘मुक्काम’ही निघाला आणि ‘कायम’ही, पण सरकारच्या कागदावर मिळतो तो मुक्काम. ‘वतन’ हा शब्द तर वेगळ्याच घरचा.

हे सदर वाचणाऱ्या अनेक कुटुंबांतले कोणी ना कोणी आज आखाताच्या काठावर असेल, किंवा जाण्याच्या तयारीत असेल. त्यांच्यासाठीच या दिवाळीत हा विषय घेतला. परक्या देशात मुक्काम उत्तम करता येतो, सुखाचा करता येतो, मानाने करता येतो. घोटाळा होतो तो मुक्कामाला वतन समजून इकडचे व्यवहार केले म्हणजे.

दुबईशी आपला संबंध कालपरवाचा नाही. तेल सापडण्यापूर्वी त्या किनाऱ्याचे पोट मोत्यांवर चाले आणि ते मोती मुंबईच्या बाजारात येत. १९३० च्या सुमारास एकीकडे जागतिक मंदी आली, दुसरीकडे जपानचे पैदाशी मोती आले, आणि पाणबुड्यांचा तो धंदा बसला. १९०९ साली दुबईत टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची. पत्रांवर तिकिटेही आपलीच लागत. आणि नाणे? १९५९ पर्यंत तिथे आपला रुपया चाले, अगदी आपल्या किराणा दुकानात चालावा तसा. रुपये देऊन तिकडून सोने चोरून आणण्याचा धंदा बोकाळला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी केवळ आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पुढे जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तिकडच्या राज्यांनी रुपयाचा नाद सोडला. त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात तेल सापडले. एकाच वर्षात रुपया गेला आणि तेल आले, असा तो योगायोग. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातींचे राष्ट्र झाले आणि १९७३ मध्ये त्याचा स्वतःचा दिरहम आला. आज त्या दिरहमासाठी रत्नागिरीपासून गोंदियापर्यंतची माणसे विमानात बसतात.

कोकणातल्या कित्येक घरांना हा रस्ता दोन-तीन पिढ्यांपासून पाठ आहे. आम्हां झाडीपट्टीच्या लोकांना तो नवा. आमच्याकडे समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली निळी पट्टी. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठायची तर अख्खी रात्र आणि वर आणखी काही तास जातात. मुंबईहून दुबईला विमान साधारण तीन तासांत पोहोचते. अंतराच्या हिशेबाने दुबई दूर खरी. पण वेळेच्या हिशेबाने मुंबईकराला दवनीवाड्यापेक्षा दुबईच जवळ!

मुकीम होण्याची रीत मी भावाच्या तोंडून ऐकली तेव्हा मला आपल्या तहसील कचेरीची आठवण झाली. आधी पदवीचे प्रमाणपत्र राज्य सरकारकडून, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग त्या देशाच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यायचे. तिथे उतरल्यावर रक्ताची तपासणी, छातीचा एक्सरे, बोटांचे ठसे, आणि शेवटी हाती पडते ते ओळखपत्र. पूर्वी पारपत्रावर परवान्याचा कागद चिकटवीत. २०२२ पासून ओळखपत्र हाच राहण्याचा पुरावा झाला. नोकरदाराचा हा परवाना सामान्यतः दोन वर्षांचा असतो. बायकामुलांचा परवाना त्याच्या परवान्याला दोरीने बांधल्यासारखा असतो. त्यासाठी दरमहा निदान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा. मुलगा पंचविशीपर्यंत आणि मुलगी लग्न होईपर्यंत बापाच्या परवान्यावर राहू शकते. आणि सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले, तर साधारण रहिवाशाचा परवाना निकामी होतो. म्हणजे मुक्काम करणाऱ्याने मुक्काम खरोखरच केला पाहिजे!

भाड्याच्या घराची तऱ्हा आणखी निराळी. वर्षाचे भाडे ठरते आणि पुढल्या तारखांचे धनादेश आधीच लिहून द्यावे लागतात, कोणी एक, कोणी चार. करार सरकारी दप्तरात नोंदवावा लागतो. त्या नोंदीला ‘इजारी’ म्हणतात. ज्यांनी जुनी मराठी कागदपत्रे चाळली आहेत, त्यांना ‘इजारा’ आणि ‘इजारदार’ आठवतील. तोच हा शब्द. अर्ज, दाखला, तारीख, मुदत, मालक, जामीन, हक्क, रद्द – परवान्याच्या सगळ्या खटाटोपात जे जे शब्द लागतात, ते ते मराठीने शेकडो वर्षांपूर्वीच अरबीकडून उसने घेऊन ठेवले आहेत. भाऊ म्हणतो, “ताई, तिथं कचेरीत गेलो की अर्धं समजतं.” उरलेले अर्धे समजायला मात्र पैसे द्यावे लागतात, हेही तो सांगतो.

मागे एका हिवाळ्यात आई आणि मी महिनाभर त्याच्याकडे राहून आलो. बुर दुबईतल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या आहेत. खाली किराणा, शेजारी केरळी चहावाला, पलीकडे भाजीचे दुकान. त्यात मेथीची जुडी पाहून आईने दुकानदाराला ती नाशिकची की नागपूरची, असा प्रश्न केला. रस्ते स्वच्छ, पाणी चोवीस तास. रात्री अकरा वाजता भावजय एकटी औषध घेऊन आली आणि कुणाला त्याचे काही वाटले नाही. पगारावर प्राप्तिकर नाही. २०१८ पासून खरेदीवर पाच टक्के कर आहे, आणि वार्षिक भाड्याच्या पाच टक्के नगरपालिकेची पट्टी विजेच्या बिलातून महिन्याच्या महिन्याला जाते. शाळेची फी ऐकून मी गप्प बसले. तरीही वर्षाकाठी शिल्लक राहते, आणि आमच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात ती शिल्लकच कामी आली. परदेशी गेलेल्यांना नावे ठेवण्याची आपल्याकडे एक फॅशन आहे. तिच्यात सामील होण्याचा अधिकार मला तरी नाही.

आईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो तिथे. भंडारा-गोंदियाचा मुलूख तलावांचा. कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात, आणि ज्याच्या शेतात एखादी लहानशी बोडी आहे तो स्वतःला भाग्यवान समजतो. त्यामुळे पाणी पाहिले की आईच्या डोळ्यांपुढे धान उभे राहते. वाळूवर उभी राहून तिने खूप वेळ पाहिले आणि विचारले, “एवढं पाणी, अन् पीक काहीच नाही?” भावाने तिला समजावले, की इथे पिण्याचे पाणी याच समुद्रातून मीठ काढून तयार करतात, जबल अलीला त्याचे प्रचंड कारखाने आहेत. आई म्हणाली, “म्हणजे पाणीबी विकतच ना!” त्यावर तिच्या मुलाला उत्तर सुचले नाही.

त्या महिन्यात मला दिसलेली दुसरी गोष्ट मात्र समुद्राइतकी उघड नव्हती. त्या देशात पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. एकंदर वस्तीत दर दहा माणसांत जेमतेम एक तिथला नागरिक असतो. उरलेले नऊ मुकीम. इमारत बांधणारे मुकीम, तीत राहणारे मुकीम, तिच्याखाली दुकान चालवणारे मुकीम, त्यांच्या मुलांना शिकवणारे मुकीम. सगळे गाव बिऱ्हाडकरूंचे! त्यामुळे कोणाला परके वाटत नाही. आणि परके वाटत नाही म्हणूनच आपण परके आहोत हे विसरायला होते.

आठवण करून देणारे प्रसंग येतात तेव्हा एकदम येतात. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा तिथले एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. बँकेतला पैसा, घरातले सामान, दुकानातला माल जिथल्या तिथे राहिला. २०२० च्या साथीत ७ मे रोजी ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने निघाली ती अबुधाबी आणि दुबईहूनच. त्या वर्षी भावाचा पगार काही महिने निम्म्यावर आला. नोकरी टिकली हे नशीब. त्याच्या समोरच्या बिऱ्हाडातले कुटुंब मात्र बारा वर्षांचा संसार तीन आठवड्यांत आवरून केरळात परतले. त्यांचा सोफा आणि मुलाची सायकल कित्येक दिवस जिन्याखाली पडून होती. भाची तेव्हा दहा वर्षांची. ती विचारायची, “आपल्याला पण जायचं का?” जायचे म्हणजे कुठे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

कायद्याने आता पूर्वीपेक्षा बऱ्याच सवलती दिल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. नोकरी सुटली की लगेच चालते व्हावे लागत नाही, काही मुदत मिळते. १ जानेवारी २०२३ पासून बेकारीचा विमा सक्तीचा झाला आहे. महिन्याला पाच किंवा दहा दिरहम भरले की नोकरी गेल्यावर तीन महिने मूळ पगाराच्या साठ टक्के रक्कम मिळू शकते. परदेशी नोकरदाराला निवृत्तिवेतन नाही. त्याऐवजी नोकरी सोडताना उपदान मिळते : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार, एकूण दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही. हे वाईट नाही. पण म्हातारपणाची काठी म्हणून ते पुरणारे नाही, हे आपल्या घरातल्या कोणाही पेन्शनराला विचारावे.

आता मुद्द्याकडे येते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावे लागली : आई, भाऊ आणि मी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला. वाटा म्हणजे चार एकर धानाची जमीन, एक बोडी आणि गावातले जुने कौलारू घर. या पावसाळ्याच्या आधी भावाचा व्हिडिओ कॉल आला. बराच वेळ इकडचे तिकडचे झाल्यावर तो म्हणाला, “ताई, एक हक्कसोडपत्र करून देशील का? सगळं विकून टाकू. तुझे पैसे मी तुला बाजारभावानं देतो. मला इथं फ्लॅट घ्यायचा आहे. पहिला हप्ता तेवढा निघेल.”

त्याचा हिशेब खोटा नव्हता. जमीन ठेक्याने दिलेली. वर्षाचे जे येते त्यात त्याचे दुबईतले एक महिन्याचे भाडेही निघत नाही. घराची कौले दर पावसाळ्यात फेरावी लागतात. आई बरेच दिवस माझ्याकडे गोंदियाला असते. तो म्हणाला, “सतरा वर्षं भाडं भरतोय ताई. तेवढ्यात एक घर झालं असतं. स्वतःचं घर झालं की माणूस तिथला होतो.” हे शेवटचे वाक्य मला खटकले. बाकीच्या सगळ्यावर माझे काही म्हणणे नव्हते.

गोंदियातल्या एका परिचित वकिलांना मी विचारले, काही वाचले, आणि मग भावाला सविस्तर पत्र लिहिले. आमच्या घरात गंभीर गोष्टी अजून पत्रानेच होतात. त्यातला मजकूर थोडक्यात इथे देते, कारण तो त्याच्या एकट्यापुरता नाही.

पहिली गोष्ट अशी, की दुबईत परदेशी माणसाला ठरावीक भागांत घराची पुरी मालकी घेता येते, ही सोय २००२ पासून आहे. ती मालकी खरी आहे, विकता येते, वारसाला देता येते. पण घर मालकीचे झाले म्हणून देशात राहण्याचा हक्क कायमचा होत नाही. दहा वर्षांचा ‘सुवर्ण परवाना’ मिळायला निदान २० लाख दिरहमांची मालमत्ता लागते, म्हणजे साडेचार कोटी रुपयांहून अधिक. आमचे चार एकर, बोडी आणि कौले मिळून त्या आकड्याच्या सावलीलाही जात नाहीत. आणि तोही परवाना शेवटी दहा वर्षांचा. नागरिकत्वाची एक अरुंद वाट २०२१ मध्ये उघडली. पण ती निवडक शास्त्रज्ञ, डॉक्टर, कलावंत, गुंतवणूकदार अशांसाठी, आणि तीही सरकारकडून नाव सुचवले गेले तर. शिवाय दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते, कारण आपला कायदा दोन्ही एकदम ठेवू देत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इकडे फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येते. शेतजमीन विकत घेता येत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा तसा दंडक आहे. वारशाने आलेली शेतजमीन मात्र त्याला ठेवता येते. परत येऊन घ्यावी म्हटले, तरी आपल्या राज्यात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणजे वडिलांकडून आलेली बांधी एकदा विकली, की दुबईत बसून ती किंवा तिच्यासारखी दुसरी पुन्हा विकत घेण्याचा रस्ता बंद. घर विकून घर घेता येते. हे मात्र एकेरी दार आहे.

तिसरी गोष्ट भाचीची. ती जन्मली दुबईत, वाढली दुबईत. कोणी गाव विचारले की ती दुबई सांगते, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. पण वयाने मोठी झाली, नोकरी लागली, लग्न झाले की तिला तिथे स्वतःचा निराळा परवाना काढावा लागेल. इकडे कॉलेजात प्रवेश घ्यायचा, तर अधिवासाच्या दाखल्यासाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा मागतात. आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी काही अभियांत्रिकी संस्थांत राखीव जागा असतात, त्यांचाच आधार. दुबईचा मुक्काम तिच्या हातात नाही आणि महाराष्ट्राचा अधिवास तिच्यापाशी नाही. अशा मुलीच्या नावापुढे ‘मु. पो. दवनीवाडा’ ही अक्षरे निदान कायद्याच्या कागदावर तरी राहावीत, एवढे माझे म्हणणे.

आपल्या जुन्या गावगाड्यात शेतकऱ्यांचे दोन प्रकार होते. एक मिरासदार, ज्याची जमीन पिढ्यान् पिढ्या त्याच्या कुळात चालत आलेली. ‘मिरास’ आणि ‘वारस’ हेही एकाच अरबी धातूचे शब्द. दुसरा उपरी. तो करार करून जमीन कसायचा, ठरला तेवढा सारा द्यायचा, आणि जमले नाही तर दुसऱ्या गावी जायला मोकळा असायचा. आज ‘उपरा’ म्हटले की शिवीसारखे लागते. पण उपरी हा कामसू, हिशेबी माणूस होता. गावाला त्याची गरज असे आणि त्याला गावाची. दोघांचे जमायचे, कारण करार दोघांनाही माहीत होता. दुबईचा मुकीम म्हणजे आजचा उपरी. त्यात कमीपणा नाही. फक्त त्याने स्वतःला मिरासदार समजून मागची मिरास मोडू नये.

मुक्कामाचे वतन कुठेच होत नाही, असे मी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आज त्या बेटाचे नागरिक आहेत. १९६८ मध्ये ते राष्ट्र स्वतंत्र झाले, आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आमच्या गोंदियाचेच पाहा. धान, बिडी आणि रेल्वे यांच्या मागे कुठकुठली माणसे आली आणि गोंदियाचीच झाली. मूळचे गुजरातेतले मनोहरभाई पटेल इथे बिडीच्या धंद्यात वाढले, आणि त्यांनी काढलेल्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-कॉलेजांत या मुलुखातली मुले शिकली. जिथे कायदा आलेल्याला आपला म्हणतो, तिथे पिढी-दोन पिढ्यांत मुक्कामाचे वतन होते. जिथे कायदाच सांगतो, की तुम्ही पाहुणे आहात, तिथे पाहुण्याने यजमानाचे ऐकावे. यजमान वाईट म्हणून नव्हे, तर तो स्पष्ट बोलतो आहे म्हणून.

पत्राच्या शेवटी मी लिहिले : हक्कसोड मी करणार नाही. वाटणीपत्र करू. घर आणि बोडी आईच्या नावे राहू देत. तुझ्या वाट्याच्या जमिनीचे काय करायचे ते तू ठरव, मी आड येणार नाही. फक्त विकण्यापूर्वी मुलीला एकदा इथे आणून बांधावर उभी कर. माझ्या वाट्याची मी ठेवणार आहे.

पंधरा दिवस काही उत्तर आले नाही. त्या दिवसांत आईने माझ्याशी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. दोन लेकरांत एकाची बाजू घेणे तिला जमण्यासारखे नव्हते. मलाही वाटून गेले, की जमिनीच्या चार तुकड्यांपायी भाऊ दुरावतो की काय. बहिणींनी हक्कसोडीवर सह्या केल्या म्हणजे भाऊबीज गोड होते, हा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे, आणि तो मोडणारीला त्याची किंमत द्यावी लागते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

मग एके दिवशी सकाळी त्याचा निरोप आला. जमिनीविषयी, फ्लॅटविषयी त्यात एक अक्षर नव्हते. एवढेच होते : “बोडीची पाळ यंदाच्या पावसात फुटली म्हणे. दुरुस्तीला किती लागतील?” मी रक्कम कळवली. ती आली. पाळ बांधून झाली. वाटणीपत्राचा मसुदा वकिलांकडे तयार आहे. भाऊ, भावजय आणि भाची दिवाळीला येणार आहेत. फ्लॅटचा विचार त्याने सोडलेला नाही, आणि सोडावा असे माझेही म्हणणे नाही. तो त्याने तिथल्या कमाईतून घ्यावा.

ज्यांच्या घरातून कोणी निघाले असेल, त्यांनी काही गोष्टी आधीच पाहून ठेवाव्यात. तिकडे मूल जन्मले, तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करावी, म्हणजे त्याचे भारतीयत्व निर्वेध राहते. इकडचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे, तो नियमच आहे. मतदार म्हणून नाव अनिवासी भारतीयाला गावच्या यादीत ठेवता येते. २०१० च्या दुरुस्तीने तो हक्क दिला, मात्र मत द्यायला प्रत्यक्ष यावे लागते. मृत्युपत्र करावे, दुबईत मुस्लिमेतरांना ते नोंदवण्याची खास सोय २०१५ पासून आहे. वारसनोंदी, फेरफार, वाटण्या ही कामे आईवडील बोलते-चालते असतानाच उरकावीत. लांबून आल्यासारखे चार दिवसांच्या रजेत ती होत नाहीत. आणि मुलांशी घरात मराठी बोलावे. शाळा त्यांना अरबी शिकवील, इंग्रजी शिकवील. मराठी शिकवणारी शाळा तिथे स्वयंपाकघरातच भरते. माझ्या भाचीला ‘मुक्काम’ ओळखता आला, कारण तिच्या आईने तो शब्द तिच्या कानांवर ठेवला होता.

या अंकाबरोबर फराळाचा डबा ज्यांना परदेशी पाठवायचा आहे, त्यांनी तो जरूर पाठवावा. पत्ता नीट लिहावा, पेटीक्रमांक तपासून घ्यावा, आणि डब्याच्या मागच्या बाजूला, पाठवणाऱ्याचा म्हणून, गावाकडचा पूर्ण पत्ता मुलांनाच मराठीत लिहायला सांगावा. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.